कागदावरचा शेतकरी

वसाहतवादी राजवटीच्या वारशाची चर्चा आपल्याकडे बहुधा इंग्रजी भाषा, शहरांची नावे आणि चौकांतले पुतळे यांभोवतीच घोटाळत राहते. परंतु त्या राजवटीची सर्वांत टिकाऊ निर्मिती गावच्या महसुली दप्तरात आहे. जमीन म्हणजे काय आणि शेतकरी कोणास म्हणावे, या दोन प्रश्नांची जी उत्तरे एकोणिसाव्या शतकात सरकारी कागदावर उतरली, त्यांचा अंमल राज्यकर्ते गेल्यावरही संपलेला नाही.

१८१८ पूर्वीच्या दख्खनमध्ये जमिनीवरचा हक्क हा गावातील नातेसंबंधांचा एक भाग होता. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे, तर उपऱ्याला गाव ठरवील त्या अटीवर जमीन कसावी लागे. साऱ्याची जबाबदारी पाटलाच्या मध्यस्थीने बव्हंशी सबंध गावावर असे. सावकार त्या काळीही होताच; पण कर्ज वसूल करावयाचे तर गावाला दुखवून त्याचे चालत नसे. ही व्यवस्था न्यायाची होती असे मुळीच नव्हे. महाराच्या वाट्यास आलेली वेठ आणि गावकुसाबाहेरचे जिणे हेही याच व्यवस्थेचे अंग होते, आणि गावगाड्याची गोडवी गाणाऱ्यांना त्याचा सोयीस्कर विसर पडतो.

नव्या राज्यकर्त्यांनी गावाला बाजूला सारून प्रत्येक खातेदाराशी थेट व्यवहार सुरू केला. हाच रयतवारीचा गाभा. पुणे जिल्ह्यातील पहिला प्रयोग प्रिंगल या अधिकाऱ्याचा. इंग्लंडमधील हेलीबरीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या गृहस्थाने रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत दख्खनच्या मुरमाड जमिनीवर लागू केला आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. मराठी पाठ्यपुस्तकांत पोहोचण्यापूर्वीच रिकार्डो शेतकऱ्याच्या बांधावर असा येऊन ठेपला होता! आकारणी न पेलल्याने अनेकांनी शेते पडीक टाकली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून तीस वर्षे मुदतीची सौम्य आकारणी आणली. सारा हलका झाला खरा, पण एक गोष्ट कायम राहिली : जमीन आता एका नावावरची, विकता येणारी आणि म्हणूनच तारण ठेवता येणारी वस्तू झाली होती.

त्या तारणाला बळ दिले ते दिवाणी न्यायालयाने. अशिक्षित कुळाचा अंगठा असलेले खत न्यायालयापुढे आले की त्यामागची हकीकत विचारण्याचे कारण उरत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. पण तीन वर्षांची मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले तशी सावकाराची थैलीही सैल झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास फेरआकारणीने साराही वाढला.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठलेल्या लोकांनी मागितले ते खतांचे कागद, आणि ते हाती पडताच त्यांची होळी केली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत सावकारांच्या जीवावर बेतल्याचे प्रसंग अगदी विरळ. रोख कागदावर होता. या शेतकऱ्यांना अडाणी म्हटले गेले, पण सत्ता कोठे साठली आहे याचे त्यांचे निदान अचूक होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा सबंध व्यवहार तपासण्याची मुभा दिली. आपल्याच न्यायव्यवस्थेच्या अपयशाची सरकारने दिलेली ती कबुली होती.

येथे एक विसंगती नोंदली पाहिजे. गावाचे सामूहिक बंध सैल करणाऱ्या याच राजवटीने १८७४ च्या वतन कायद्याने महारांची वंशपरंपरागत चाकरी मात्र कायद्याच्या चौकटीत बांधून ठेवली. रूढीचा जो भाग दुबळ्याला आधार देई तो गेला. जो भाग सरकारी कामाला उपयोगी होता त्याला कलमांचे संरक्षण मिळाले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात हे जोखड दूर करण्यासाठी विधेयक आणले. पण ही वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. तोवर स्वातंत्र्याला अकरा वर्षे उलटली होती.

दोष सर्वस्वी परकीयांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे, तर सहकारी संस्थांचे अवघे ३ टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसले. त्यानंतर सहकार वाढला, बँका आल्या. परंतु पतीचा आधार म्हणजे सातबारा, हे समीकरण तसेच राहिले. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना मालक केले, हे मोठेच काम. तथापि, कुळाचे नाव कागदावर चढले तर जमीन जाईल ही धास्तीही त्याच कायद्याने मालकांच्या मनात रुजविली, आणि खंडाचा व बटाईचा व्यवहार तोंडी झाला. परिणामी जो राबतो, बियाण्याचा खर्च सोसतो आणि अवर्षणात बुडतो, तो वाटेकरी बँकेच्या लेखी शेतकरीच नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतरही वारसनोंद न झालेल्या विधवेची तीच गत. २०१९ मध्ये सुरू झालेली केंद्राची किसान सन्मान योजनाही जमीनधारक कुटुंबांपुरतीच आहे.

भाडेपट्ट्याला कायदेशीर मान्यता देऊनही मालकाचा हक्क अबाधित ठेवणारा आदर्श कायदा नीती आयोगाने २०१६ मध्ये राज्यांपुढे ठेवला. मालकीचा प्रश्न न उकरता कसणाऱ्याची केवळ हंगामापुरती नोंद घेणे, आणि ती पीककर्ज व नुकसानभरपाईसाठी ग्राह्य धरणे, एवढे तरी महाराष्ट्राला अवघड नसावे. २०२१ पासून राज्यात पिकांची पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवावी अशी सोय झाली आहे. यंत्र नवे आहे. पण वाटेकऱ्याने वाढविलेल्या सोयाबीनचे छायाचित्र आजही खातेदाराच्याच नावे जमा होते.