धुराडे बसविले, पण ते साफ कोण करणार?

शेतीच्या साधनांची निगा राखण्याचे महत्त्व आता कोणाही शेतकऱ्यास पटवून द्यावे लागत नाही. पंपाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली तर पाणी ओढले जात नाही. ठिबक संचाची गाळणी वेळेवर धुतली नाही तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही. जाळी तुंबल्याचे कळताच ती त्याच दिवशी काढून साफ केली जाते, कारण उभे पीक डोळ्यांसमोर असते. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरात त्याच नियमाने चालणारे आणखी एक साधन असते, आणि त्याच्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी मान वर करून पाहत नाही. ते साधन म्हणजे स्वयंपाकघरातील चुलीचे धुराडे.

धुराडे बसविले म्हणजे धुराचा प्रश्न सुटला, ही समजूत फार जुनी आहे आणि ती चुकीची आहे. धुराडे बसविणे हे एक दिवसाचे काम आहे. ते वाहते ठेवणे हे बारा महिन्यांचे काम आहे. हे दुसरे काम गृहिणीच्या फावल्या वेळावर सोपवून भागणार नाही. ते गावातील एखाद्या शिकविलेल्या कारागिराने, ठरलेल्या दिवशी व ठरलेली मजुरी घेऊन केले पाहिजे.

चूल अजून विझलेली नाही

गॅस आल्यावर चुलीचा विचार कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत तिच्याखाली आठ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे आहे यात शंका नाही. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे शेकडा ४३.२ इतकीच होती. म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रामीण कुटुंबांचा स्वयंपाक त्या वेळी लाकूड, गोवऱ्या व काडीकचरा यांवरच होत होता.

ज्या घरी गॅस आला, तेथेही चूल पूर्णपणे गेली असे नाही. न्हाणीचे पाणी तापविणे, गुरांचे आंबोण शिजविणे, सणासुदीचा मोठा स्वयंपाक करणे ही कामे अनेक घरांत आजही सरपणावरच होतात. कापसाच्या मुलखात पऱ्हाटी आणि तुरीच्या मुलखात तुराट्या शेतातून विनामूल्य मिळतात. सिलिंडरला मात्र रोख पैसे मोजावे लागतात. जोपर्यंत हा हिशेब असा आहे, तोपर्यंत चूल राहणार. आणि चूल राहणार असेल तर धूरही राहणार. हा धूर किती घातक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजावरून कळते. घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा तो अंदाज आहे. चुलीपुढे बसणारी स्त्री आणि तिच्याजवळ खेळणारे मूल यांच्या वाट्याला या धुराचा सर्वांत मोठा भाग येतो.

धुराडे कशाने चालते, कशाने तुंबते

धुराड्याला यंत्र नसते, पंखा नसतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा आत येते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. नळी जितकी उंच व आतील धूर जितका उष्ण, तितकी ओढ अधिक. ही ओढ मुळातच नाजूक असते. थोड्या अडथळ्यानेही ती मंदावते.

सरपण पूर्णपणे जळत नाही. न जळलेला भाग धुराबरोबर वर जातो आणि नळीच्या थंड भिंतीवर जमू लागतो. कोरडी काजळी भुकटीसारखी असते व सहज झडते. ओल्या सरपणाच्या धुरात वाफ व डांबरासारखा चिकट अंश पुष्कळ असतो. तो काजळीस भिंतीशी सांधून टाकतो आणि त्याचा कठीण थर बनतो. म्हणूनच पावसाळ्यात भिजके जळण वापरणाऱ्या घरांची धुराडी लवकर भरतात. गोवऱ्यांची हलकी राख, टोपीखाली चिमण्यांनी केलेली घरटी आणि कोळ्यांची जाळी यांची त्यात भर पडते.

या थराने किती नुकसान होते, हे साध्या हिशेबाने समजेल. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सभोवार १ सेंटिमीटर जाडीचा थर बसला तर आतील व्यास ८ सेंटिमीटर उरतो. वाट मात्र व्यासाच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणून मूळ वाटेपैकी शेकडा ६४ एवढीच शिल्लक राहते. बोटभर थराने एक तृतीयांशाहून अधिक वाट बंद झाली! उरलेल्या वाटेत खडबडीत काजळीचे घर्षण वाढते ते निराळेच. मग धूर चुलीच्या तोंडातून उलटा घरात येतो, वैलावरचे भांडे तापत नाही, सरपण अधिक लागते, आणि 'ही चूल काही कामाची नाही' असा शिक्का बसतो. वास्तविक दोष चुलीचा नसतो.

याहूनही दोन धोके मोठे आहेत. तुंबलेल्या धुराड्याखाली रात्री निखारे राखून ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू बंद खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. दुसरा धोका आगीचा. चिकट काजळी स्वतःच पेट घेऊ शकते आणि तिच्या ठिणग्या गवती छपरावर किंवा शेजारच्या कडब्याच्या गंजीवर पडू शकतात.

हा नियम चुलीपुरता नाही. अमेरिकेत कपडे वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा एका नळीतून घराबाहेर सोडतात आणि त्या नळीत कपड्यांचे तंतू साठतात. तेथील अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे अशा यंत्रांमुळे घरांत दर वर्षी सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण यंत्राची व नळीची साफसफाई न करणे हेच होते. साधन साधे असो वा महागडे, गरम हवेची वाट तुंबली की परिणाम एकच.

मागील अनुभवाचा धडा

निर्धूर चुलीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून मगन चूल पुढे आली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीचा नमुना लोकांपुढे ठेवला. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ साली थांबला तेव्हा तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या होत्या. यशाचे मोजमाप 'किती चुली बसविल्या' या आकड्याने झाले. 'किती धुराडी वाहती आहेत' हा आकडा मागण्याची सवय मात्र लागली नाही.

त्याचा परिणाम काय होतो, हे ओडिशातील एका अभ्यासाने दाखवून दिले. रेमा हॅना, एस्थर ड्यूफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या कुटुंबांची चार वर्षांपर्यंत पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाल्याचे आढळले. पुढे मात्र हा लाभ नाहीसा झाला. चुली नियमाने वापरल्या गेल्या नाहीत, त्यांच्या देखभालीवर पुरेसा वेळ व पैसा खर्च झाला नाही आणि हळूहळू त्यांचा वापरच घटला. सरकारी खर्च झाला, गवंड्याचे श्रम झाले, आणि चुलीपुढची स्त्री होती तेथेच राहिली. या निष्कर्षावरून चूल निरुपयोगी ठरत नाही. निगेवाचून चूल निरुपयोगी होते, एवढे मात्र ठरते.

साफसफाईची योग्य रीत

काम अवघड नाही. परंतु ते क्रमाने व्हावयास हवे. आदल्या रात्रीच चूल पूर्ण विझवावी. सकाळी चुलीची दोन्ही तोंडे ओल्या गोणपाटाने झाकावीत, म्हणजे काजळी घरभर उडणार नाही. नंतर धुराड्याची टोपी काढून दोरीला काथ्याचा घट्ट बोळा व त्याखाली दगडाचे वजन बांधावे आणि तो नळीतून चार-सहा वेळा खालीवर ओढावा. खाली पडलेली काजळी काढण्याच्या तोंडातून बाहेर घ्यावी. चूल व वैल यांमधील बोगदा आणि वैलापासून धुराड्यापर्यंतची वाट हाताने किंवा पळीने मोकळी करावी. पुष्कळदा नळी साफ होते, पण हा बोगदा राखेने भरलेलाच राहतो.

यानंतर नळीचे सांधे तपासावेत आणि भेगा भुसा मिसळलेल्या माती-शेणाने लिंपून घ्याव्यात. टोपी परत बसवून थोडे कोरडे जळण पेटवावे. चुलीच्या तोंडाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर काम नीट झाले असे समजावे. नळीचे टोक छपराच्या पुरेसे वर आहे काय आणि गवती छपरातून नळी जाते तेथे पत्र्याचे संरक्षण आहे काय, हेही त्याच वेळी पाहावे.

जुन्या धुराड्यांच्या सिमेंटच्या नळ्यांत अनेकदा ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ कर्करोगास कारण होते. अशा नळ्या तारेच्या ब्रशाने खरवडू नयेत, कोरड्या कापू नयेत. ओलसर काथ्याचा बोळाच वापरावा. तडा गेलेली नळी बदलणे इष्ट.

रोजच्या वापरातील चुलीचे धुराडे निदान महिन्यातून एकदा झाडावे. पावसाळ्यापूर्वी, पावसाळा संपताच आणि थंडीच्या मध्यावर अशी वर्षातून तीन वेळा संपूर्ण तपासणी व दुरुस्ती व्हावी. कोरडे सरपण वापरणे हीसुद्धा निगाच होय. पावसाळ्यापुरते जळण आधीच आडोशाला रचून ठेवल्यास निम्मे काम वाचते.

हे काम कोणाचे?

घरच्या बाईने हे काम करावे, असे सहज म्हटले जाते. परंतु पहाटेपासून घर, गोठा व शेत सांभाळणाऱ्या स्त्रीने छपरावर चढून धुराडेही झाडावे ही अपेक्षा न्याय्य नाही, आणि ती पुरी होत नाही हे दिसूनच आले आहे. बोगदा झाडणे, राख काढणे ही नित्याची कामे घरात व्हावीत. नळी उतरविणे, तपासणे व सांधणे हे कारागिराचेच काम आहे. जर्मनीत धुराडी ठरावीक काळाने जाणत्या कारागिराकडून झाडून व तपासून घेण्याचे बंधन कायद्याने घरमालकावर घातलेले आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी ग्रामपंचायत व महिला बचत गट मिळून अशी व्यवस्था उभी करू शकतात. गावातील एकदोघांना प्रशिक्षण द्यावे, घरांची यादी करावी, प्रत्येक आळीचा दिवस नेमावा आणि झालेल्या कामाची नोंद ठेवावी. एका घराचे काम तासाभराचे धरले तर एक कारागीर दिवसाला सहा-सात घरे पुरी करील. म्हणजे प्रत्येक घरावर एका दिवसाच्या मजुरीचा सहावा-सातवा हिस्सा पडेल. सरपणाची बचत ध्यानात घेता हा भार जड नाही.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र पहिल्यापासून घेतली पाहिजे. काजळी हा निरुपद्रवी कचरा नव्हे. लंडनच्या धुराडी झाडणाऱ्यांना होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच दाखविले होते. तेथे हे काम लहान मुलांकडून करून घेत आणि ती प्रथा मोडण्यास १८७५ सालचा कायदा यावा लागला. म्हणून कारागिराला मुखपट्टी, हातमोजे व कामाचे वेगळे कपडे मिळालेच पाहिजेत, आणि या कामास मुले कदापि लावू नयेत. दुसरे असे, की हे काम कोणा एका जातीच्या गळ्यात मारण्याचा मोह गावाने टाळावा. पंप दुरुस्त करणाऱ्यास जो मान व जी मजुरी मिळते, तीच धुराडे दुरुस्त करणाऱ्यास मिळावी. काम स्वच्छतेचे आहे म्हणून ते हलके ठरत नाही.

ग्रामसभेत पाणी, रस्ते व दिवाबत्ती यांचा विचार होतो. त्याच बैठकीत गावात एकूण किती धुराडी आहेत व त्यांपैकी किती आज वाहती आहेत, एवढा एक प्रश्न विचारला जावा. उत्तर समाधानकारक नसेल तर येत्या पावसाळ्यापूर्वी पहिली फेरी पुरी करण्याचा निश्चय शेतकरी बंधुभगिनींनी करावा. पिकाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास पाण्याची वाट मोकळी ठेवणे कळते. घरातील माणसांच्या श्वासाची वाट मोकळी ठेवणे हे त्याहून निकडीचे आहे.