स्टेलान्टिसचे १४ ब्रँड: कोणते ठेवायचे, कोणते विकायचे?

शाओमी, रेडमी, पोको. नावं तीन, पण घर एकच. कधीकधी तर फोनही जवळपास तोच. मोटारींमध्ये हाच खेळ स्टेलान्टिस चक्क १४ नावांनी खेळते.

फियाट क्रायस्लर आणि फ्रान्सची पीएसए एकत्र येऊन २०२१ मध्ये ही कंपनी बनली. तेव्हाचे सीईओ कार्लोस टावारेस यांनी प्रत्येक ब्रँडला स्वतःला सिद्ध करायला १० वर्षं दिली. पण २०२३ मधला १८.६ अब्ज युरोंचा नफा २०२४ मध्ये ५.५ अब्जांवर घसरला, टावारेस पायउतार झाले आणि २०२५ च्या पहिल्या सहामाहीत २.३ अब्जांचा तोटा झाला.

ब्रँड कमी केले की पैसा वाचतो का?

वाटतो तेवढा नाही. प्यूजो २०८ आणि ओपेल कोर्सा एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात. ओपेलचीच गाडी ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉलच्या लोगोने विकली जाते. इथे लोगो काढून फारसं काही वाचणार नाही, उलट जुनं गिऱ्हाईक जाईल. खरा पैसा जातो तो वेगळ्या मॉडेलवर, जाहिरातीवर आणि शोरूमवर.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे: ब्रँड बंद झाला तर त्याचं गिऱ्हाईक घरातल्याच दुसऱ्या ब्रँडकडे येईल का?

माझी यादी

ठेवा: जीप, रॅम, प्यूजो, फियाट आणि ओपेल-व्हॉक्सहॉल. जीपवाला सहजासहजी प्यूजो घेणार नाही. फियाटचा ब्राझीलमध्ये जम आहे.

विलीन करा: डीएस. मुळात ती सिट्रोएनचीच महागडी मालिका होती, तिथेच परत जाऊ दे. लान्चिया तर बरीच वर्षं फक्त इटलीत, एकाच मॉडेलवर तग धरून होती.

विका: मासेराती. २०२३ मध्ये सुमारे २६,६०० गाड्या गेल्या, २०२४ मध्ये फक्त ११,३००. विकायची नाही, असं कंपनी सांगत आली आहे. पण तिला उभं करायला लागणारा पैसा जीपच्या नव्या मॉडेलमधूनच कापला जाणार.

विकणं म्हणजे शेवट नाही

फोर्डने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सला २.३ अब्ज डॉलरला विकली. ब्रँड जगले आणि फोर्डला २००९ च्या मंदीत जनरल मोटर्ससारखं दिवाळखोरीत जावं लागलं नाही. उलट जनरल मोटर्सने २०१० मध्ये साब छोट्याशा स्पायकरला विकली आणि २०११ संपायच्या आत साब दिवाळखोर झाली. थोडक्यात, विकायचं तर खिशात दम असलेल्यालाच.

आपल्याला काय त्याचं?

जीप कंपास पुण्याजवळ रांजणगावला बनते आणि तिथून परदेशातही जाते. युरोपात मासेरातीवर उधळलेला पैसा पुढच्या कंपासला कमी पडला, तर त्याची झळ रांजणगावच्या कामगारापर्यंत पोचेल. म्हणून मला वाटतं, हा निर्णय भावनेवर नको, हिशोबावर व्हावा. आणि लवकर व्हावा.