हक्कसोडीची सक्ती

फ्रँचायझी कराराचे नूतनीकरण मागणाऱ्या छोट्या व्यावसायिकापुढे कंपनी हक्कसोडपत्र ठेवते : मागील सर्व दावे सोडा, मगच नवा करार. दुकान, कर्ज आणि उमेदीची वर्षे अडकलेल्या माणसाच्या या सहीला ‘स्वेच्छा’ म्हणणे ही भांडवलशाहीची जुनीच चलाखी होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा कायदा असे पत्र रद्दबातल मानतो. अपवाद फक्त करार अमलात आल्यानंतर, स्वतंत्र वकिलांच्या साहाय्याने झालेल्या तडजोडीचा. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही; १८७२ च्या करार कायद्यावरच भागवावे लागते. बोघारा पॉलिफॅब खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दडपणाखाली लिहून दिलेली ‘सर्व येणे मिळाले’ ही पावती बंधनकारक नसल्याचे सांगितले. परंतु दडपण होते, हे दाखवायचे दुर्बळानेच! हे ओझे बलिष्ठाच्या शिरावर टाकणारा कायदा हवा. ही मागणी चळवळीने हाती घेतली पाहिजे.