दारात कोणी थोरला भाऊ आहे का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात गुणवंतांचा सत्कार झाला. शाल, ट्रॉफी, नाश्त्याची पाकिटं, भाषणं. तालीम किती जरुरी आहे यावर तीन वक्ते बोलले. सत्कार झालेल्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे धडपडत पदवी, मग एलएलबी. घराण्यात पहिली वकील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, आता पुढे काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही."

तिला मुंबईतल्या एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये उमेदवारी करायची होती. मी बीएड झालेला मास्तर. उर्दू शाळेत मराठी शिकवतो. कायद्यातलं मला काय कळणार? पण अर्जलेखन दहावीच्या वर्गात मीच शिकवतो, म्हणून तिचा अर्ज पाहायला घेतला. त्या निमित्ताने मला जे कळलं, ते आज लिहितो आहे.

कायद्याने पाहिलं तर आपल्याकडे अ‍ॅटर्नी-सॉलिसिटर हा वेगळा वर्ग १९७७ पासून उरलेला नाही. सगळे अ‍ॅडव्होकेटच. पण मुंबईत हा शब्द अजून जिवंत आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते आणि त्यासाठी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकल्ड क्लर्क म्हणून काम करावं लागतं. परीक्षा अवघड आहे, असं सगळे सांगतात. पण तिच्याही आधी एक परीक्षा असते, ती म्हणजे तुम्हाला हाताखाली घेणार कोण? राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांना मोठ्या फर्म कॉलेजात येऊनच निवडतात. मुंबईच्या जुन्या लॉ कॉलेजांतली मुलं शिकता शिकताच फोर्टातल्या ऑफिसांत जाऊन बसतात आणि ओळखीची होतात. पनवेलच्या मुलीला ही रीत कळते तेव्हा हातात डिग्री आलेली असते आणि वेळ निघून गेलेली असते.

तिचा बायोडाटा चार पानी होता. फोटो, वडिलांचा व्यवसाय, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद: वाचन. लग्नाच्या स्थळासाठी चालला असता. एकच पत्र तिने बऱ्याच फर्मना पाठवलं होतं, आणि त्यातल्या दोघांना तर तिसऱ्याच फर्मच्या नावाने. आम्ही बसून ते एका पानावर आणलं. इथवर मी बरोबर होतो.

मग तिने विचारलं, "सर, नाव पूर्ण लिहू की नुसतं आद्याक्षर आणि आडनाव?" कोकणी मुसलमानांची आडनावं वाचकांना माहीत आहेतच. गावावरून पडलेली, 'कर'वर संपणारी. नुसत्या आडनावावरून कोणी ओळखू शकत नाही. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "आद्याक्षर लिही. आणि ते उर्दू माध्यमही काढून टाक."

बोलावणं आलं. ती फर्म कुठली ते लिहीत नाही. समोरच्या माणसाने आधी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत कागदाकडे. दहा मिनिटांत मुलाखत आटोपली. त्याच्या मनात काय होतं ते मी जाणत नाही. कदाचित काहीच नसेल, तिची उत्तरं कमी पडली असतील. पण परतल्यावर ती जे म्हणाली ते मला बोचलं. "सर, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तरी चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं."

ही चोरी मी शिकवली होती. ज्या शाळेत मी वीस वर्षं शिकवतो, तिचं नाव मी माझ्याच विद्यार्थिनीच्या कागदावरून पुसलं होतं.

आपल्या लोकांना दोन गोष्टी सांगायची सवय आहे. एक, 'आपल्याला कोणी घेत नाही.' दुसरी, 'मेहनत करा, सगळं मिळतं.' दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून दोन्हींनी मुलांची फसगत होते. मुंबईच्या कोर्टाचा इतिहासच पाहा. बद्रुद्दीन तैयबजी १८६७ मध्ये इंग्लंडहून परतले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांच्या बुद्धीबद्दल शंका नाही. पण त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्यांच्याआधीच सॉलिसिटर झाले होते, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले भारतीय. त्या काळी बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरच्या हातून. म्हणजे धाकटा आला तेव्हा दारात थोरला भाऊ उभा होता.

आता १९२३ साल घ्या. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच हायकोर्टात वकिली सुरू केली. सॉलिसिटर त्यांच्याकडे काम द्यायला राजी नव्हते. जात आड आली. त्यांना बाहेरगावच्या कोर्टांतली, गरिबांची कामं घ्यावी लागली. १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू लढवली आणि जिंकली. विद्वत्तेत ते कुणाला हार जाणारे नव्हते. दारात मात्र त्यांचं असं कोणी नव्हतं.

म्हणून मला वाटतं, आपण मुलांना प्रश्नच चुकीचा विचारतो. 'किती टक्के पडले?' विचारतो. 'दारात तुझं कोण आहे?' हे विचारत नाही, आणि कोणी नसेल तर आपण तिथे उभं राहत नाही.

मोठे अडथळे थोडे हलले आहेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलीच्या नोंदणीसाठी बार कौन्सिलांना कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून जास्त शुल्क घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी अनेक राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शिफारस केली की ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. पण ती शिफारसच आहे. ज्या घरात महिन्याचा पगार आल्यावर किराणा येतो, त्या घरातली मुलगी 'आधी दोन वर्षं शिका, पैशांचं नंतर बघू' हे वाक्य ऐकून परत फिरते. आणि आपण म्हणतो, आपली मुलं पुढे येत नाहीत.

तिच्या दुसऱ्या अर्जात आम्ही पूर्ण नाव लिहिलं. उर्दू माध्यमही लिहिलं. आणि बायोडाट्यात सगळ्यात खाली पडलेली भाषांची ओळ उचलून वर आणली: मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, सात-बारा आणि फेरफार वाचता येतात. हे तिला आजोबांच्या जमिनीच्या भानगडीत येऊ लागलं होतं. पनवेल-उरणच्या पट्ट्यात विमानतळ, नैना, अटल सेतू यांमुळे जमिनीचे व्यवहार किती वाढले ते इथला प्रत्येकजण जाणतो. त्या जमिनींच्या मालकीचा शोध घेणाऱ्या मुंबईच्या ऑफिसांत चकाचक इंग्रजी बोलणारी मुलं पुष्कळ आहेत. तलाठ्याच्या हातचा फेरफार वाचणारी किती असतील?

फोर्टातल्या एका लहानशा ऑफिसातल्या वयस्क सॉलिसिटरने तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "वाचून सांग." तिने वाचलं. वारसनोंदीच्या फेरफारात दोन बहिणींची नावं होती. पुढच्या सात-बारावर फक्त भाऊ. मध्ये हक्कसोडीचा कागद नव्हता. तिने तेवढंच सांगितलं. सहा महिन्यांसाठी तिला ठेवून घेतलं आहे. पैसे शिफारशीपेक्षा कमीच. रोज पनवेल ते सीएसएमटी, येऊन-जाऊन तीन तास. पुढे आर्टिकलशिप मिळेल की नाही, ते अजून ठरलेलं नाही. म्हणून ही यशोगाथा नाही.

पण माझं म्हणणं त्यातून स्पष्ट झालं. आपल्या जमातींनो, शाल-ट्रॉफीचा खर्च अर्धा करा आणि दोन मुलांचा वर्षभराचा रेल्वे पास व जेवणखर्च उचला. मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या वकिलांनो, सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून येता, तसं ऑफिसात एक खुर्ची मोकळी ठेवा, आणि तिच्यावर आपलाच भाचा बसवू नका. ज्या वाचकांच्या फर्म आहेत, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, त्यांनी कॉलेजचं नाव वाचून झाल्यावर भाषांची ओळही वाचावी.

आणि मुलांनो, कायद्याच्या पहिल्याच वर्षापासून कुठल्यातरी ऑफिसात जाऊन बसा. एका पानाचा बायोडाटा करा. प्रत्येक फर्म काय काम करते ते पाहून वेगळं पत्र लिहा. नाव पूर्ण लिहा. नाव वाचून ज्यांना दार लावायचं आहे, त्यांना ते लांबूनच लावू द्या. तुमचे दीड तास वाचतील.

यंदा दहावीच्या वर्गात अर्जलेखन शिकवताना मी फळ्यावर 'अ. ब. क.' लिहिलं नाही. मुलांना सांगितलं, अर्जदाराच्या जागी आपापलं पूर्ण नाव लिहा. खाली शाळेचंही.