खरेदीची मर्यादा आणि रुग्णाची चिठ्ठी

सरकारी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर तपासतात, औषध लिहितात आणि वर सांगतात, "हे बाहेरून आणा." असे का व्हावे, असा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून वारंवार येतो. बहुतेकांचा संशय एकच असतो, औषध कोणीतरी खाल्ले. काही ठिकाणी तसे होतही असेल. परंतु चिठ्ठीमागे पुष्कळदा चोर नसतो, एक आकडा असतो. त्याला खरेदीची मर्यादा म्हणतात. आज रक्तदाबाच्या आकड्याऐवजी या आकड्याविषयी बोलू. आरोग्याशी त्याचा संबंध तितकाच जवळचा आहे.

सरकारी पैशाने वस्तू घ्यायची तर किमतीप्रमाणे पायऱ्या ठरलेल्या असतात. अगदी लहान रकमेची वस्तू अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर, दरपत्रक न मागवता घेऊ शकतो. त्यावरच्या रकमेला खरेदी समिती बाजारात चौकशी करते किंवा तीन दरपत्रके मागवली जातात. त्याहून मोठी रक्कम असेल तर निविदा, म्हणजे टेंडर. केंद्र सरकारच्या २००५ च्या वित्तीय नियमांत पहिली पायरी १५,००० रुपयांची होती. २०१७ च्या नियमांत ती २५,००० झाली आणि त्यानंतर आणखी वाढवण्यात आली. आपल्या राज्याने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची एकत्रित नियमपुस्तिका काढली, तेव्हा ३ लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची होती.

या पायऱ्या उगाच घातलेल्या नाहीत, हे आधी मान्य करू. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते आणि त्याने रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदीपासून तपासणीपर्यंत साऱ्या यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. औषधाची खरेदी म्हणजे किराणा सामानाची खरेदी नव्हे. तिच्यावर नजर हवीच. म्हणून "मर्यादा काढून टाका, डॉक्टरांना हवे ते घेऊ द्या," असे मी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. औषधाची मात्रा रुग्णाचे वजन पाहून ठरते. पाच किलोच्या बाळाला लिहिलेली मात्रा ते पन्नास किलोचे झाल्यावरही चालू ठेवली तर उपयोग काय? मर्यादेचे नेमके हेच होते. आकडा एकदा ठरतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. वस्तूंचे भाव मात्र थांबत नाहीत. परवापर्यंत अधिकाऱ्याच्या सहीने येणारी वस्तू आज तीन दरपत्रकांच्या पायरीवर जाते आणि काही वर्षांनी निविदेच्या. नियम एका अक्षरानेही न बदलता कडक होत जातो.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला मुक्त निधी २५,००० रुपये, देखभालीसाठी ५०,००० आणि रुग्ण कल्याण समितीसाठी १ लाख, असे एकूण पावणेदोन लाख ठरले. उपकेंद्राला १०,००० रुपये, तेही परिचारिका आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यावर. कल्पना फार चांगली होती. बल्ब, सुया, पडदे, नळदुरुस्ती यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हात पसरावा लागू नये, हा तिचा हेतू होता. पण २००५ सालच्या दहा हजारांत जे येत होते ते आज येत नाही, हे घरखर्च चालवणाऱ्या कोणाही गृहिणीला विचारावे.

एका तालुक्याच्या ठिकाणचा अनुभव सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या गावाचा नाही. तेथील शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह बंद पडले. दुरुस्तीची रक्कम पहिल्या पायरीच्या थोडी वर जात होती, म्हणून तीन दरपत्रके हवी होती. गावात असे काम करणारा कारागीर एकच. बाकीची दोन दरपत्रके नगरहून मागवावी लागली. त्यात तीन आठवडे गेले. तोवर अडलेल्या बाळंतिणींना पुढे पाठवावे लागत होते. वाचलेला पैसा किती, आणि रात्री जीप भाड्याने घेऊन त्या बाळंतिणींच्या घरच्यांनी घातलेला पैसा किती? हा दुसरा खर्च कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

आता उलट बाजू पाहा. ज्याला नियम चुकवायचाच असतो, त्याला हाच आकडा वाट दाखवतो. समजा मर्यादा ३ लाखांची आहे आणि खरेदी ९ लाखांची करायची आहे. मग २ लाख ९० हजारांची तीन बिले आणि उरलेल्या ३० हजारांचे एक चिल्लर बिल तयार होते. खरेदीचे असे तुकडे पाडू नयेत, असे नियमात स्पष्ट लिहिलेले आहे. तरी ते पडतात. तीन दरपत्रकांतली तिन्ही एकाच दुकानदाराने आणून दिलेली असतात, हेही बाजारपेठेत कोणाला नवे नाही. म्हणजे प्रामाणिक अधिकारी मर्यादेपाशी अडतो आणि लबाड माणूस तिच्याखालून वाकून निघून जातो.

लहान खरेदीत लबाडी, तर सगळीच खरेदी वर न्यावी, असे काहींना वाटते. तोही प्रयोग झाला. राज्याने २०१७ साली औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. औषधे वेळेवर येत नाहीत, अशी ओरड त्यानंतर वर्षानुवर्षे चालली आणि अखेर २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण नेमावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे बाहेरून आणावी लागली, असे नातेवाईक सांगत होते. तुटवडा नव्हता, असे प्रशासन म्हणत होते. मुंबई उच्च न्यायालयाला या मृत्यूंची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आपल्या जिल्ह्यालाही जखम आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयात आगीने दहा बाळे गेली आणि राज्यभर अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा बळी गेला. त्या आगीच्या कारणांवर येथे निकाल देण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो की तपासणीत उणीव सापडणे आणि ती भरून काढणारी वस्तू भिंतीवर बसणे, यांच्यामध्ये मंजुरीच्या अनेक पायऱ्या असतात, आणि आग पायऱ्या मोजत नाही. बैल गेल्यावर झोपा करण्यात आपण तरबेज आहोत.

मग उपाय काय? तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. औषधांचे दर एका ठिकाणी ठरतात, प्रत्येक खेपेची तपासणी होते, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत आणि रुग्णालयाला एक पासबुक मिळते. त्यातल्या रकमेपर्यंत हवी ती औषधे गोदामातून उचलायची. दर आणि दर्जा वर ठरतो, गरज खाली ठरते. युरोपीय देशांच्या संघात निविदेच्या मर्यादा दर दोन वर्षांनी नव्याने ठरवतात. आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे:

१) दवाखान्यांच्या खरेदीची मर्यादा आणि मुक्त निधी दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढावा.

२) सर्पदंशाची लस, श्वानदंशाची लस, प्राणवायूचे साहित्य, निर्जंतुकीकरणाची दुरुस्ती अशा जीवरक्षक गोष्टींची यादी करून त्यांना वेगळी, मोठी मर्यादा द्यावी. औषध मात्र मान्य उत्पादकाचेच असावे. तातडीच्या खरेदीची सोय नियमात आजही आहे, पण उद्याच्या लेखापरीक्षणाच्या धाकाने ती वापरायला अधिकारी धजत नाहीत. कारण लिहून केलेल्या खरेदीला संरक्षण हवे.

३) तुकडे पकडायचे तर एकेक बिल पाहून चालत नाही. एकाच वस्तूची वर्षभराची बेरीज पाहावी.

४) काय घेतले, कोणाकडून, किती दराने, ही यादी दर महिन्याला दवाखान्याच्या दारात लावावी.

या शेवटच्या गोष्टीसाठी तर आपल्या जिल्ह्याने वाट पाहूच नये. माहितीच्या अधिकारासाठी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषणे केली. २००५ चा कायदा हातात आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि प्रश्न एखाद्याच्या जिवाचा असेल तर ४८ तासांत. आपल्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण आहेत, तिची शेवटची बैठक कधी झाली, पैसा किती उरला, हे सरपंचांना विचारा. मार्चअखेर पैसा परत गेला असेल तर का गेला, तेही विचारा. विचारताना तेथील डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. कदाचित तोही हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून वाट पाहत असेल.