नाताळची गाणी, आपलीही

आमच्या ठाकूरद्वारजवळच खोताची वाडी. डिसेंबरात तिथल्या जुन्या घरांवर कागदी चांदण्या लागतात, कॅरोल ऐकू येतात. माझं लाडकं ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी, नाताळच्या आदल्या रात्री प्रथम गायलं गेलं. साथीला फक्त गिटार!

‘ती त्यांची गाणी’ म्हणून आपण दूर राहतो, हे मला पटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भजनं, अभंग आपल्या मराठीतच रचले ना? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर आपण घरातलीच मानतो.

मैत्रिणींनो, शेजारणीकडे दिवाळीचा फराळ जातो, तिच्याकडून केक येतो. यंदा तिच्या दारी गाणारी मंडळी आली, की आपणही जाऊन उभं राहू या. नुसतं ताट पोचवून शेजारधर्म पुरा होत नाही, बायांनो!