सर जमशेटजी, पुन्हा सर जमशेटजी

बेळगावकडच्या आमच्या जांबोटीच्या पंचक्रोशीत देसाई-सरदेसाई पावलोपावली. म्हणून परवा इथल्याच एका पोराने विचारलं, "काका, जे. जे. हॉस्पिटलवाले ते 'सर' म्हणजे इंग्रजांचे देसाईच काय?"

अर्धं बरोबर आहे. जमशेटजी जीजीभाई चीनशी अफू-कापसाचा व्यापार करून गब्बर झाले आणि त्यांनी दानधर्मही तसाच सढळ हाताने केला. 1842 मध्ये त्यांना नाईट केलं, पण तो किताब माणसाबरोबर संपतो. 1857 मध्ये मिळालेली बॅरोनेटकी मात्र पिढीजात. ती मिळवणारे ते पहिले भारतीय.

या किताबाचं मूळ फारसं खानदानी नाही. 1611 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधल्या अल्स्टरसाठी फौज हवी होती आणि तिजोरीत खडखडाट होता. तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरा, बॅरोनेट व्हा! शिपायाला रोज आठ पेन्स, म्हणजे तिसांचे 240 पेन्स, तेव्हाचा बरोबर एक पौंड. तीन वर्षांचे झाले 1,095 पौंड. इतका चोख हिशेब आमच्या कुलकर्ण्यांनाही आवडला असता.

किताब जातो एकट्या थोरल्याकडे. 1859 मध्ये जमशेटजी वारले, थोरले करसेटजी बॅरोनेट झाले आणि खास कायद्याने त्यांचं नावही जमशेटजी जीजीभाई झालं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. इथे बापाचंच मुलाला!

देसायांचं तसं नव्हतं. परगण्याचा सारा वसूल करायचा, त्याबदल्यात इनाम जमीन आणि हक्क. वडीलकीचा मान थोरल्या शाखेला, पण उत्पन्नात भाऊबंदांच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से. त्या तक्षिमांवरून आणि मानपानावरून किती पिढ्या कचेऱ्यांत झिजल्या! पुढे इंग्रजांनी वसुलीचं काम काढून घेतलं, वतनं बरीचशी ठेवून त्यांवर जुडी, म्हणजे हलका सारा, बसवली. म्हणजे देसाईही एका परीने बॅरोनेटच झाले, काम नाही पण मान आहे.

फरक पुढे पडला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. 1950 च्या परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याने इथली वतनं गेली. बॅरोनेट मात्र विलायतेत आजही आहेत. त्या किताबाला ना जमीन जोडलेली, ना लॉर्ड्सच्या सभागृहात खुर्ची. काढून घ्यायचं म्हटलं तरी सरकारच्या हाती लागणार काय?